चोर्ला चढायचा, अनमोड उतरायचा: जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरची तयारी

घाटवाट (धागाकर्ता)

चवथीनंतर पाऊस ओसरला की आम्ही तीन शाळासोबती दोन गाड्या घेऊन निघणार आहोत. एक प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर. दुसरी अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसी, तीही पेट्रोल. जाताना पणजी, साखळी, केरी, चोर्ला घाट, बेळगाव. येताना खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा. दोन्ही गाड्या जूनपासून शेडमध्ये उभ्या आहेत.

तीन गोष्टींवर मत हवं आहे. चार महिने उभी असलेली गाडी चालू करायची योग्य पद्धत कोणती? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे घाटात गाडी बंद पडू नये म्हणून काय करावं? आणि अनमोड उतरताना ड्रम ब्रेकवर कितपत विसंबावं? शिवाय पद्मिनीची पहिली नोंदणी १९७४ ची आहे, म्हणजे ५० वर्षं उलटली. तिची व्हिंटेज नोंदणी करावी का, हेही कोणी सांगितलं तर बरं.

डेल्को

पहिली गोष्ट, थेट चावी फिरवू नका. चार महिन्यांत सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत रिंगांच्या रेषेवर बारीक गंज धरतो. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलून इंजिन दोनतीन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं की न्यूट्रलमध्ये, प्लग बाहेरच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. या वेळी कॉइलची हाय टेन्शन वायर काढून अर्थ करून ठेवा. ती लोंबत राहिली तर प्लगच्या भोकांतून उडणारी वाफ पेट घेऊ शकते.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क. कॅमचं टोक फायबरच्या टाचेखाली येईल तिथे इंजिन थांबवा आणि फीलर गेज घाला. पद्मिनीला ०.४५ मिमीच्या आसपास, अ‍ॅम्बेसेडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४०. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बदलतं हे बरेच जण विसरतात. गॅप वाढला तर ठिणगी लवकर पडते, कमी झाला तर उशिरा. फायबरची टाच झिजत जाते तसा गॅप आपोआप कमी होतो आणि गाडी ‘दम नाही’ म्हणू लागते. लोक अशा वेळी कार्बोरेटर उघडत बसतात. म्हणून क्रम कायम हा ठेवा: आधी पॉइंट, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

पॉइंट काळेनिळे पडले असतील तर कंडेन्सर गेला आहे. पॉलिशपेपर मारून तात्पुरतं भागतं, पण घाटात पुन्हा तेच होणार. नवा कंडेन्सर लावा आणि चालू असलेला जुना काढून डब्यात ठेवा. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा भरवसा नसतो, त्यामुळे चालून सिद्ध झालेला जुना हाच खरा स्पेअर.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. पावसाळ्याआधी पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. पुढच्या जूनला लक्षात ठेवा.

पत्राकाम

पत्र्याबद्दल थोडंच सांगतो, कारण निघायच्या आठवड्यात तिथे फार काही करता येत नाही. दारांच्या तळाची आणि सिल पॅनलची (दारांखालच्या पत्र्याची) पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. तांबडी माती आणि पाला अडकून ती बुजतात, पाणी आत राहतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो. जॅक लावायच्या जागेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर घाटात पंक्चर काढताना तिथे जॅक लावू नका, अ‍ॅक्सलखाली लावा. आणि शेडमधल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री नको, सुती आच्छादन घाला. प्लास्टिकखाली घाम धरतो.

साष्टीकर

ई२० बद्दल. अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत, त्यांची गल्लत होते.

पहिली रबराची. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं, मग ते कडक होऊन तडकतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबरी पाइप आहे तिथे एसएई जे३० आर९ दर्जाचा पाइप घ्या. पाइपावर हे छापलेलं असतं. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारा साधा काळा पाइप घेऊ नका. एसी पंपाचा (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपाचा) डायफ्राम, कार्बोरेटरमधल्या नीडल व्हॉल्व्हचं टोक आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा हे तिन्ही इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे हवेत.

दुसरी मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवं. कार्बोरेटरमधला जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचा तुकडा) तसाच ठेवला तर मिश्रण पातळ पडतं. इंजिन तापतं, चढावर दम कोंडतो. आता ९ टक्के म्हणजे जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढवायचं, व्यास नव्हे. व्यास साधारण ४ टक्क्यांनीच वाढतो. मेन जेट १२५ असेल तर १३० लावा. भोक तारेने किंवा ड्रिलने मोठं करू नका. ते वाकडं होतं आणि परत मागे येता येत नाही.

आणि इथेनॉल पाणी ओढतं. चार महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल पूर्ण काढा. काचेच्या बाटलीत घेऊन पाहा, तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून धुऊन घ्या, कार्बोरेटरमधला पेट्रोल साठणारा फ्लोट चेंबरही रिकामा करा.

घाटवाट

जेट बदलल्यावर मिश्रण बरोबर झालं की नाही, हे गॅस अ‍ॅनालायझरशिवाय कसं ओळखायचं? आणि चढावर गाडी बंद पडली, तर ती पेट्रोलची वाफ झाल्याने की कॉइलमुळे, हे कसं ठरवायचं? दोन्हींत वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की गाडी चालू होते असं ऐकलं आहे.

डेल्को

प्लग वाचा. साखळीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की चौथ्या गिअरमध्ये पाचेक किलोमीटर एका वेगाने चालवा, क्लच दाबून इग्निशन बंद करा, कडेला थांबा आणि तिथेच प्लग काढा. मात्र चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी हवा. पांढरा खडूसारखा असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, काळा काजळीसारखा असेल तर जाड. गाडी आयडलवर ठेवून मग प्लग पाहिला तर तो नेहमीच काळा दिसेल, त्यावरून काहीच कळत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. नळीत पेट्रोलची वाफ धरली काय आणि तापलेली कॉइल गेली काय, लक्षणं सारखीच: गाडी चढावर धापा टाकते, बंद पडते, थंड झाली की सुरू होते. म्हणून थंड व्हायची वाट बघण्याआधी दोन मिनिटांत दोन चाचण्या करा. थंड झाल्यावर पुरावा उरत नाही.

एक, एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. सोलेक्स पीबीआयसीत अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो, पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे. दोन-तीनदा ओढूनही कोरडं असेल तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल नाही, म्हणजे वाफेचा किंवा पंपाचा दोष. दोन, पिचकारी व्यवस्थित असेल तर एअर क्लीनर परत बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या आणि मगच ठिणगी पाहा. कॉइलची वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनच्या धातूपासून ६ मिमीवर धरा आणि जोडीदाराला स्टार्टर मारायला सांगा. निळी, फटकन आवाज करणारी ठिणगी हवी. नारिंगी, बारीक ठिणगी म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर. कंडेन्सर बदला, तरीही तसंच असेल तर कॉइल.

वाफ असेल तर एसी पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, बीड तडकेल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ५० ते ७० अंशांमधला भाग साध्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतो, त्यामुळे पूर्वी ज्या गाडीला हा त्रास नव्हता तिलाही आता होऊ शकतो. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून दूर फिरवणं आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक पॅकिंगचा जाड तुकडा जागेवर असणं. गॅरेजमध्ये काम करताना तो तुकडा बऱ्याचदा फेकला जातो आणि दोन कागदी गॅस्केट बसवली जातात.

केपेंकार

एवढं सगळं करण्यापेक्षा टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा. पेट्रोल दाबाखाली राहिलं की वाफ धरत नाही. चोर्ल्यात मोबाइलची रेंज जागोजागी जाते, तिथे ओलं फडकं घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

साष्टीकर

तत्त्वतः बरोबर आहे, पण तीन अटी आहेत. पंप कमी दाबाचा, २ ते ३ पीएसआयचाच हवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर नीडल व्हॉल्व्ह दाब धरत नाही, कार्बोरेटर ओसंडतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. दुसरी अट, पंपाच्या वायरवर फ्यूज आणि धक्का बसताच पंप बंद करणारा स्विच पाहिजे. नाहीतर अपघातानंतर इंजिन बंद असतानाही पंप पेट्रोल फेकत राहील. तिसरी, आधी वरचा रबराचा मुद्दा निपटवा. फुटक्या पाइपात दाब वाढवणं म्हणजे आगीला बोलावणं. निघायला आठवडा असेल तर एसी पंपाला नवा डायफ्राम घाला आणि तोच ठेवा. जे नवीन बसवलं ते किमान ३०० किलोमीटर गोव्यातच चालवून पाहावं, मग घाट.

ड्रमब्रेक

ब्रेकवर सविस्तर लिहितो, कारण बाकी काही बिघडलं तर गाडी थांबते, ब्रेक बिघडले तर थांबत नाही.

या वयाच्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचा वॉशर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो तो फक्त हँडब्रेक, मागच्या दोन चाकांवर. म्हणून निघण्याआधी चारही ड्रम काढाच. व्हील सिलिंडरचं रबरी बूट बोटाने हलकेच उचला. खाली ओलसर तपकिरी पाणी दिसलं तर वॉशर किट बदलायचं, ‘थोडंसंच आहे’ म्हणून बंद करायचं नाही. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर किट टिकत नाही, सिलिंडरच बदला.

मग पुढच्या चाकांचे रबरी होज. बाहेरून ठणठणीत दिसतात, आतून फुगतात. मग पेडल दाबल्यावर तेल पुढे जातं पण मागे येत नाही आणि ते चाक धरून राहतं. दहा किलोमीटर चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर आधी त्याचा होज संशयित.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि गोव्याच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश, पाणी धरल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ४ चा २३० आणि १५५. अनमोडच्या उतारावर सतत पेडल दाबून उतरलात तर ड्रम इतके तापतात की जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दोन माणसं लागतातच. एकाने पेडल, एकाने निपल. पेडलवाल्याने ‘दाबलं’, ‘सोडलं’ असं मोठ्याने म्हणायचं. निपल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा पुन्हा आत जाते.

उतरण्याची पद्धत: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे बहुतेक दुसरा. तो उतार सुरू होण्याआधीच टाका. या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (धावत्या गाडीत गिअर सहज पाडणारी रचना) नसतो, त्यामुळे वेग वाढल्यावर ‘पहिला टाकू’ म्हणाल तर पडणार नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये धावत सुटेल. ब्रेक सतत घासत ठेवू नका. घट्ट दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. जळका वास आला किंवा पेडल खाली जाऊ लागलं तर थांबा. ड्रम तापून फुगतो, लाइनरपासून दूर जातो, म्हणून पेडल लांब जातं. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकामागे दगड लावा. तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि ओढलेल्या शूवर आवळला जातो. पाणीही ओतायचं नाही.

त्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते. ट्रकच्या मागे अंतर ठेवा. घाईचं ओव्हरटेकिंग तुमच्या ड्रमना महागात पडेल.

चिखलगुंडा

थोडं अवांतर. आमच्या गटात एक स्टँडर्ड हेराल्ड येणार आहे. तिचा मालक पुढच्या चाकांना ग्रीस मारायचं म्हणतोय. कोणतं ग्रीस?

ड्रमब्रेक

खालच्या ट्रनियनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्याला) ग्रीस नाही! तिथे ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांमध्ये पोहोचत नाही, आत पाणी साचतं, उभा दांडा गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आत मुडपतं. हेराल्डची ही सगळ्यात घातक जागा आहे. निपलमधून ऑइल वरच्या सीलपाशी दिसेपर्यंत भरा, दर हजार-दीड हजार किलोमीटरला. आजवर ग्रीसच मारलं गेलं असेल तर खोलून तपासल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नका. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या निपलांना मात्र नेहमीचं ग्रीस.

आरटीओवारी

व्हिंटेज नोंदणीबद्दल. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर ती व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

पण तुमच्या कामाला ती घेऊ नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. मित्रांना घेऊन बेळगावला जाणं यात बसत नाही. गाडी चालवायची असेल तर साधी नोंदणी दर ५ वर्षांनी फिटनेस करून चालू ठेवा. नुवेच्या संग्रहालयात दिसतात तशा केवळ जपायच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी शोभते.

आणि गाडी तिघांत असेल तर आरसी आणि विमा दोन्हीवर एकच नाव ठेवा. नावं वेगळी असली की दाव्याच्या वेळी अडतं. आरसीवर आता नॉमिनी नोंदवता येतो, तो नोंदवा. बाकी दोघांचा हिस्सा, आणि एकाला बाहेर पडायचं झाल्यास किंमत कशी ठरवायची, हे साध्या करारात लिहून घ्या. लहानपणापासूनची मैत्री आहे म्हणूनच लिहायचं. पुढे त्यावरून बोलाबोली नको.

डेल्को

त्याला जोडून: गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, किती मिली ऑइल घातलं, कोणी काय खोललं. तीन हात लागणाऱ्या गाडीत निम्मे दोष ‘मला वाटलं तू आवळलं असशील’ यातून येतात. अ‍ॅम्बेसेडरसाठी टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या वरचा) गॅपही लिहा, तापलेल्या इंजिनावर ०.३८ मिमी. तिचं हेड बिडाचं आहे. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, तेव्हापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जुन्या सीट (व्हॉल्व्ह टेकायच्या कडा) खचण्याची शक्यता असते. सीट खचली की गॅप कमी होतो. तीन नोंदींत तो कमी कमी होताना दिसला तर हेड उतरवून कडक सीट बसवायची वेळ आली. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, तिथे ही भीती कमी. पण तिला रेडिएटरमध्ये साधं पाणी चालणार नाही, कूलंटच हवा. नाहीतर हेडच्या पाणवाटा खातात.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. ड्रम उद्याच उघडतो. संध्याकाळी मोल्याच्या बाजूला पाऊस लागला तर डायनमो दिवे आणि वायपर एकत्र ओढेल का?

केपेंकार

ओढेल, पण जेमतेम. लुकासचा सी४० डायनमो २२ अँपिअर देतो आणि तोही इंजिन वेगात असताना. हिशोब करा: ४५ वॉटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर, वायपर तीन-चार, इग्निशन तीन-चार, मागचे दिवे आणि मीटर दोन. सोळा-सतरा झाले. त्यात ब्रेक लाइट आणि हॉर्न. उताराला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन फिरत राहतं म्हणून निभावतं. ट्रकांच्या रांगेत आयडलवर उभं राहिलात की सगळा भार बॅटरीवर. तिथे हेडलाइट बंद करून पार्किंग दिवे ठेवा. जास्त वॉटचे हॅलोजन लावू नका.

पद्मिनीचे दिवे मिणमिणते वाटले तर डायनमोला दोष देण्याआधी फ्यूज पाहा. गोळीच्या आकाराचे ते फ्यूज टोकांना गंजतात, किनाऱ्याकडच्या गाड्यांत जास्तच. पॉलिशपेपरने टोकं आणि पकडी घासा, मग बसवून दोन-चार वेळा जागच्या जागी फिरवा. ८ आणि १६ अँपिअरचे चार-चार जवळ ठेवा, अ‍ॅम्बेसेडरचे त्यात बसत नाहीत. पान्यांचंही तसंच: पद्मिनीला १०, १३, १७ मिमी लागतात, अ‍ॅम्बेसेडरला ७/१६, १/२, ९/१६ इंच. दोन गाड्यांना एकच पेटी नेलीत तर एकीचे नट गोल होतील.